विहीणबाईंचा गॅस

कडूबा कंडक्टरला देवानं आधी नाक दिलं आणि मग उरल्या जागेत डोळे, तोंड वगैरे बसवून टाकलं, असं जाफराबादेत सर्रास म्हणायचे. कडूबाला त्याचं वाईट वाटत नसे. तिकिटांची पेटी खांद्याला लटकावून तो गाडीच्या दारात उभा राहिला की नाक त्याच्या अर्धं पाऊल पुढेच असे. ज्वारीच्या पोत्यातून, लोणच्याच्या बरणीतून, फार काय, मागच्या सीटखाली दडवलेल्या बोकडाच्या वासातूनसुद्धा त्या नाकाला एक वास बराबर वेगळा काढता येई. गॅसचा.

हे वेड जन्मजात नव्हतं. एकदा सुरक्षितता सप्ताहात आगारात एक साहेब आले. एरवी सुरक्षितता सप्ताह म्हणजे एक हार, एक नारळ, एक भाषण आणि कागदावर चिवडा. पण हे साहेब निराळे निघाले. त्यांनी एका बादलीत छोट्या सिलिंडरमधून चिमूटभर गॅस सोडला आणि लांब काठीला चिंधी पेटवून ती बादलीजवळ नेली. भक्‌ झालं. पहिल्या रांगेत वाकून बघणाऱ्या कडूबाच्या भुवया गेल्या. महिन्याभरात त्या परत उगवल्या, पण उगवताना नियम सोबत घेऊन उगवल्या.

साहेबांनी सांगितलेलं त्याला तोंडपाठ झालं. गॅसचा सिलिंडर प्रवासी गाडीत न्यायचा नाही. मोठा नाही, छोटा नाही, भरलेला नाही आणि रिकामाही नाही, कारण रिकामा म्हणजे फक्त आपल्याला रिकामा वाटतो तो. न्यायचाच तर उघड्या गाडीत, उभा, तोंडावर टोपी घट्ट, ऊन लागू न देता, हादरे न देता, आणि आसपास बिडी, काडी, निरांजन, उदबत्ती काहीही नको. आगारातल्या बाकीच्यांनी हे ऐकलं आणि चिवड्याबरोबर गिळलं. कडूबाच्या मात्र ते भुवयांवर कोरलं गेलं.

आणि नेमकं त्याच काळात छोट्या गॅसचं पीक आलं. मोठ्या सिलिंडरसाठी नंबर लावून माणसं म्हातारी होत, म्हणून बाजारात कळशीएवढा सिलिंडर निघाला, डोक्यावरच शेगडी बसवलेला. गावाकडची पोरं जालन्याला खोली करून राहिली की त्यांच्या आया एका हातात पिठाचा डबा आणि दुसऱ्या हातात छोटा गॅस घेऊन एसटीत चढायच्या, आणि कडूबाच्या नाकापाशी येऊन थांबायच्या.

"काय हाय ह्या पिशवीत, मावशी?"

"तूप हाय, बापा. घरचं."

"तुपाला चावी कामून?"

एका भजनी मंडळानं तो डग्ग्याच्या खोळीत घालून आणला. कडूबा म्हणाला, "वाजवा." बुवांनी घाबरत थाप मारली. टण्ण झालं. कडूबानं शांतपणे विचारलं, "हा कोणत्या तालात बसतो, बुवा?" आणि मंडळ खाली उतरवलं. एक पानटपरीवाला लाइटरमध्ये भरायच्या गॅसच्या डब्या खिशात घालून चालला होता. तो म्हणाला, "आवो, बोटाएवढी तर डबी हाय!" कडूबा म्हणाला, "विंचूबी बोटाएवढाच ऱ्हातो." टपरीवालाही उतरला.

असं करत करत कडूबानं दोन तालुक्यांतली निम्मी पाहुणेमंडळी कधी ना कधी रस्त्यावर उतरवली होती. ज्या दिवशी त्याची भाची शिवकन्या लग्नाची झाली, त्या दिवशी हे सगळं उत्पन्न व्याजासकट दारात आलं.

स्थळ होतं जाफराबादचं. मुलगा जालन्याला बियाण्याच्या कंपनीत कामाला, शांत, निर्व्यसनी. मुलीला मुलगा पसंत, मुलाला मुलगी पसंत. पाहुणे मुलीच्या गावी, केदारखेड्याला, सुपारी फोडायला आले. कडूबाची बहीण नंदाबाई हिनं मोठ्या हौसेनं मामाची ओळख करून दिली, आणि मुलाची आई गोजरबाई चहाची बशी ओठाशी नेता नेता थांबली.

"ह्यांना मी ओळखते," ती म्हणाली. "ह्यांनी मला उतरवलं होतं."

गोजरबाईनं बशी खाली ठेवली आणि सगळी कथा सांगितली. मे महिना होता. लेकरू जालन्याला खोलीवर हातानं करून खात होतं, म्हणून ती छोटा गॅस घेऊन निघाली होती. ह्या कंडक्टरानं तिला भर उन्हात फाट्यावर उतरवलं. फाट्यावर ना झाड, ना टपरी. दुपार कलंडेपर्यंत ती त्या सिलिंडरवर बसून राहिली, कारण दुसरं बसायला काही नव्हतंच.

"तेच लेकरू हे," तिनं नवरदेवाकडं बोट दाखवलं. नवरदेवानं मान खाली घातली.

नंदाबाईच्या तोंडचं पाणी पळालं. पण गोजरबाई म्हणजे सुपारी मोडणारी बाई नव्हती. ती सुपारी जपून ठेवून वेळ आल्यावर फोडणारी बाई होती.

"पोरगी मला पसंत हाय," ती म्हणाली. "मला सोनं नको, नाणं नको. लग्न आमच्या दारात. रुखवतात फकत एक छोटा गॅस पाहिजे, अन् तो ह्या मामांनी सोता आणून माझ्या मांडवात ठेवायचा. कसा आणायचा ते त्यांचं ते पाहतील."

सगळे खो खो हसले. फक्त कडूबा हसला नाही. कारण ह्या साध्या दिसणाऱ्या मागणीत दोन्ही बाजूंनी खड्डा होता, आणि तो त्याला स्वच्छ दिसला. गॅस पोहोचला नाही, तर शिवकन्येला जन्मभर टोमणे खावे लागणार. आणि तो लग्नाच्या एसटीतून उतरला, तर गोजरबाई सगळ्या तालुक्याला सांगणार की नियम परक्याच्या आईला असतो, घरच्या बहिणीला नसतो.

लग्नाच्या दिवशी सकाळी केदारखेड्यात नंदाबाईच्या दारात लाल एसटी उभी राहिली. तिच्या शेजारी गावातल्या धर्मराजचा ट्रॅक्टर, ट्रॉलीत खाट, कपाट आणि गाद्या. कडूबानं सगळं ठरवून ठेवलं होतं: गॅस ट्रॉलीत जाणार, तो स्वतः एसटीत जाणार. तो फेटा बांधायला म्हणून आत गेला आणि अंगणातून बायकांचा गलका ऐकून तसाच अर्धा फेटा हातात घेऊन बाहेर पळत आला.

अंगणात पाट मांडला होता. पाटावर छोटा गॅस. त्याला हळदीकुंकवाची बोटं ओढली होती, गळ्यात झेंडूचा हार होता, अंगावर लाल खण होता. घरात नवी वस्तू आली की तिची पूजा करायची, ह्यात नंदाबाईचं काही चुकलं नव्हतं. पाच सवाष्णी पेटलेली निरांजनं घेऊन गॅसला ओवाळत होत्या, एकीनं उदबत्त्यांचा पुडाच्या पुडा पेटवला होता, आणि नंदाबाई नारळ फोडायला कठीण जागा शोधत होती. जागा सापडली. तिनं नारळ सिलिंडरच्या तोंडावर नेम धरून उचलला.

"नंदेऽऽ!"

कडूबानं मारलेली उडी गावात पुढं बरीच वर्षं दाखवून दाखवून सांगितली जाई. नारळ त्याच्या हातात आला, अर्धा फेटा शेणात गेला आणि पाचही निरांजनं फुंकरीनं विझली.

"शुभ कामाला दिवे इझवतो का रे?" नंदाबाई रडवेली झाली.

"शुभ काम व्हायला आपण शिल्लक तर राहू दे!"

फेटा धुऊन, पिळून, ओलाच बांधून तो परत आला, तर ट्रॉलीत गॅस नाही. नाक वर करून त्यानं दोन दिशांना हवा घेतली आणि सरळ एसटीत चढला. करवल्यांच्या सीटखाली, रुखवताच्या लाडू-करंज्यांच्या टोपल्यांमध्ये, लाल खण लेवून गॅस लाजून बसला होता.

त्या दिवशी गाडीवर कंडक्टर होता बद्रीनाथ, कडूबाचा जोडीदार. बद्रीनाथ छताकडं बघत म्हणाला, "मला सर्दी झाली, कडूबा. मला काय बी वास येऊन नाही राह्यला."

"दादा, रुखवत सवाष्णीच्या हातानंच जातं," नंदाबाई म्हणाली. "खाटेच्या खाली ठिवून न्यायला ते काय भंगार हाय? अन् आज तू मामा हाईस, कंडक्टर न्हाई. रजेवर हाईस."

"रजा मला हाय, नंदे. नियमाला न्हाई."

"एक दिवस! एका दिवसानं काय व्हतं?"

"मागं बघ," कडूबा म्हणाला. "तुझा चुलतसासरा बिडी वढून राह्यला. पुढं बघ, इतकी लेकरंबाळं हायेत. अन् मधी हा. ती विहीण मांडवाच्या दारात उभी राहून पाहून राह्यली आसंल, गॅस कुठून उतरतो म्हणून. पण ती नसती तरीबी म्या हा उतरवलाच असता."

नंदाबाईचा पारा चढला. "मंग तूच घेऊन ये तुझा देव! ह्या खटाऱ्यावर बसून ये. अन् पोरीला मामा मिळाला न्हाई तर तुझं तू पाह्य!"

खिडकीतून शिवकन्येनं डोकं बाहेर काढलं. मुंडावळ्या बाजूला सारत ती म्हणाली, "मामा, तुमी आल्याबिगर मी बोहल्यावर चढायची न्हाई. मंग मुहूर्त जाऊ द्या न्हाईतर भटजी जाऊ द्या."

"येतो म्या. तुझ्या अक्षतांच्या आत येतो."

गॅस खाली उतरला आणि एसटी गेली. कडूबा कामाला लागला. कापसाच्या गाद्या गॅसजवळ नकोत म्हणून त्या घरात परत टाकल्या. धर्मराजच्या खिशातून बिड्या आणि काडेपेटी काढून भिंतीवर ठेवली. धर्मराज बिडीशिवाय आंघोळीलाही जात नसे. त्याचा चेहरा काशीला निघालेल्या माणसासारखा झाला. मग कडूबानं ट्रॉलीच्या मधोमध खाटेला टेकवून गॅस उभा केला, दोन्ही गुडघ्यांत धरला आणि त्याला ऊन लागू नये म्हणून त्याच्या डोक्यावर छत्री उघडली. छत्री एकच होती आणि तिच्यात दोघं मावत नव्हते. नियमात कडूबाच्या डोक्याबद्दल काही सांगितलेलं नव्हतं.

"सावकाश घे बरं, धर्मराज. हादरा नको."

"सावकाशच घेतो, मामा. बिडीबिगर माझ्यात दुसरं काय शिल्लकच न्हाई."

भोकरदन मागं पडलं. आणि पुढच्या एका गावात, हातपंपापाशी, एक म्हातारी हंडा खाली ठेवून रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. धर्मराजनं ब्रेक दाबला.

म्हातारीला काय दिसलं असेल ते समजून घ्या. ट्रॉलीत छत्र धरलेलं. छत्राखाली हळदीकुंकू ल्यालेली, हार घातलेली, खण नेसलेली एक गोल मूर्ती. मूर्तीला कवटाळून बसलेला, उन्हानं लालबुंद झालेला, फेटा बांधलेला एक माणूस. म्हातारीनं पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले.

"कोणता देव म्हणायचा, महाराज? कुठं बसवून राह्यले?"

"देव न्हाई, माय. गॅस हाय."

"ग्यासोबा," म्हातारीनं भक्तिभावानं मान डोलावली आणि मागं वळून हाक मारली, "अगं ए, नवा देव चाललाय! निरांजन आणा!"

बघता बघता गाव गोळा झालं. कोणी नारळ आणला, कोणी कापूर आणला, आणि एक सुनबाई ताटात चांगलं घसघशीत पेटलेलं निरांजन घेऊन ट्रॉलीच्या दिशेनं निघाली.

"आग लांब ठेवा!" कडूबा किंचाळला. "इझवा ते! पयले इझवा!"

सून दचकून थांबली. गर्दीतून कुजबुज फिरली: "लई कडक देव हाय. आग चालत न्हाई त्याला."

"बिड्या! बिड्या टाका खाली!"

आणि कडूबाच्या डोळ्यांदेखत एक चमत्कार घडला. पारावरच्या सगळ्या पुरुषांनी बिड्या टाकल्या. नुसत्या टाकल्या नाहीत, चपलेनं चिरडल्या. कापूरवाल्यानं काडेपेटी मागं फेकली. बारा वर्षं गाडीच्या दारात उभं राहून, "लिहिलेलं दिसत न्हाई, तर वास तरी घे!" असा घसा फोडून, बोर्डाकडं बोट दाखवून त्याला एक बिडी विझवता आली नव्हती. आणि इथं एका हाकेसरशी सबंध गाव विझलं होतं. कडूबाला क्षणभर वाटलं, साहेबांनी तो नियम कागदावर न लिहिता दगडावर लिहून त्याला शेंदूर फासायला पाहिजे होता.

"अजून काय पाळायचं, महाराज?" म्हातारीनं विचारलं.

खरं सांगून गाव ऐकत नव्हतं, आणि ऐकत होतं तर संधी सोडवत नव्हती. कडूबा म्हणाला, "उभा ठेवायचा. उन्हात ठेवायचा न्हाई. नळीला भेग पडली तर बदलायची. वास आला तर खिडक्या उघडायच्या, काडी वढायची न्हाई. अन् एसटीत आणायचा न्हाई. बिलकुल न्हाई."

"वरीसभर पाळायचं?"

"जन्मभर!"

गाव "जय" म्हणालं. नारळ ट्रॉलीत आले, सुटे पैसे आले, एकानं धर्मराजच्याही पाया पडून घेतलं. ह्या सगळ्यात बराच वेळ गेला.

जाफराबादचं पहिलं घर दिसायच्या आधीच लाउडस्पीकर ऐकू आला. सनई मधेच तुटली आणि भटजींचा आवाज वाऱ्यावर आला, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे! मुलीचे मामा!"

"मामा, जोरात घेऊ का?" धर्मराजनं मागं बघून विचारलं.

पुढचा रस्ता म्हणजे रस्त्याची नुसती आठवण होती. खड्डे असे, की त्यात म्हैस बसली तर शिंगं दिसावीत. जोरात घेतलं तर हादरा. सावकाश घेतलं तर शिवकन्या.

"मुलीचे मामा कुठे आहेत? मुहूर्ताची वेळ होत आहे!"

कडूबानं छत्री मानेत धरली, मांडी घातली, सिलिंडर उचलून मांडीवर उभा घेतला आणि तान्ह्या लेकराला धरावं तसा दोन्ही हातांनी छातीशी घट्ट आवळला.

"घे! म्याच मधी हाव, हादरा मला बसंल."

तो बसला. मिनिटा-मिनिटाला बसला. कडूबाच्या कमरेचे मणके पुढं आयुष्यभर पाऊस यायच्या आधी ह्या रस्त्याची याद काढत. पण गॅसला धक्का लागला नाही.

मांडवापाशी आल्यावर नवंच संकट उभं राहिलं. मांडवाच्या डाव्या अंगाला आचाऱ्यांच्या चुली भडकल्या होत्या. उजव्या अंगाला वऱ्हाडातले पुरुष ओळीनं बसून धूर काढत होते. आत होमाची तयारी. जिकडं बघावं तिकडं आगच आग. कडूबानं ट्रॅक्टर लांबच एका कडुलिंबाखाली थांबवला, गॅस सावलीत उभा केला आणि त्याच्यापाशी उभा राहिला. आत न्यावा तर आग. इथं सोडून जावं तर पहिला बिडीवाला येऊन त्याच्यावरच टेकणार. धर्मराजला राखण ठेवावं, तर तो ट्रॅक्टर थांबल्याबरोबर काडीच्या शोधात गायब झाला होता.

"मुलीचे मामा! शेवटची सूचना!"

मांडवाच्या दारातून गोजरबाई बाहेर आली. हातात ओवाळणीचं ताट. ती सकाळपासून त्या दारात उभी होती. एसटी आली, सगळं वऱ्हाड उतरलं, टोपल्या उतरल्या, ते सगळं तिनं डोळ्यांत तेल घालून पाहिलं होतं. ती लिंबापाशी आली. तिनं गॅसकडं पाहिलं, छत्रीकडं पाहिलं. मग कडूबाच्या तोंडाकडं पाहिलं. त्याचं कातडं वांगं भाजल्यासारखं झालं होतं.

"गाडीतून न्हाई आणला?"

"न्हाई. बहिणीनं ठिवला होता. उतरवला."

"अन् छत्री गॅसवर, तुमी उन्हात?"

"तसा नियम हाय."

गोजरबाईनं ताट कमरेला टेकवलं. मग हळू म्हणाली, "त्या दिशी फाट्यावर माझ्या डोक्यावर छत्री न्हवती, कंडक्टर."

कडूबाला ह्यावर एकही नियम आठवेना. लिंबाच्या फांद्यांतून उन्हाचा एक तुकडा तिच्या कपाळावर पडला होता. त्यानं छत्री गॅसवरून काढली आणि तिच्या डोक्यावर धरली.

गोजरबाईनं गॅसकडं पाहिलं आणि ती एकदम खेकसली, "आवो, त्याला ऊन लागून राह्यलं ना! मधी धरा, मधी! दोघांवर येती!"

कडूबानं छत्री मधे धरली. गोजरबाईनं ताट वर केलं आणि आधी मामाला, मग गॅसला ओवाळलं. ताटात हळद होती, कुंकू होतं, सुपारी होती, आणि निरांजनात तुपात भिजवलेली कोरी वात होती. पेटवलेली नव्हती.

"वात लावली न्हाई मी," ती म्हणाली. "फाट्यावर बसल्या बसल्या सगळे नियम पाठ झाले माझे. तुमी गाडी हालूस्तोवर खिडकीतून वरडून सांगून राह्यल्ते."

तरीही कडूबानं बोटाच्या टोकानं वात गरम नाही ना, ते चाचपून पाहिलंच. तिनं त्याच्या हातावर चापट मारली.

"जा आता! पोरगी खोळंबली."

"पण ह्याच्यापाशी कोण…"

"मी हाय की. आमच्यात नवरदेवाच्या आईनं लग्न लागताना पाहायचं नसतं. मला बसायला जागा पाहिजेच होती." तिनं त्याच्या हातातली छत्री घेतली, खण नीट केला आणि गॅसशेजारी फतकल मारली. गॅसवर मात्र बसली नाही.

कडूबा धावला. ओला फेटा केव्हाच वाळून कडक झाला होता, कंबर एका बाजूला गेली होती. शिवकन्या खोलीच्या उंबऱ्यावर हट्टानं बसून होती. त्याला पाहून ती हसली, मग रडली, मग मुंडावळ्या सारख्या करून उठली. "आणला?" नंदाबाईनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता भावाच्या तोंडाला पदरानं खोबरेल चोळू लागली.

अंतरपाट धरला गेला. भाचीच्या मागं कडूबा लिंबू टोचलेली कट्यार घेऊन ताठ उभा राहिला, म्हणजे जितकं ताठ राहता येत होतं तितकं. मंगलाष्टकं सुरू झाली. भटजींनी सूर लावून पहिलं कडवं संपवलं, "शुभमंगल सावधान", आणि सगळ्या मांडवानं नेहमीसारख्या बेसावधपणे अक्षता उधळल्या.

तेवढ्यात लिंबाकडून, लाउडस्पीकरलाही मागं टाकणारा, खणखणीत आवाज आला:

"ए फेटेवाल्या! इझव ती बिडी! लिहिलेलं दिसत न्हाई, तर वास तरी घे!"